घाडगे, यशवंत

घाडगे, यशवंत : (१६ नोव्हेंबर १९२१–१० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले भारतीय पायदळातील नाईक व व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचे मरणोत्तर मानकरी. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात, पळसगावच्या एका वाडीवर झाला. मृत्युसमयी त्यांना तेविसावे वर्ष चालू होते.

युद्धेतिहासात पायदळाचा साधा शिपाई बहुधा संख्येच्या रूपाने येतो : इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता. घाडगे यांच्या आयुष्यातील अखेरची काही मिनिटे एका पदकाच्या निमित्ताने तपशीलवार नोंदली गेली. त्यापूर्वीची बावीस वर्षे मात्र त्यांचा मुलूख, त्यांची पलटण आणि तो काळ यांच्या आधारेच समजून घ्यावी लागतात. ही वर्षे कोकणातील हजारो शिपायांच्या वर्षांहून फारशी वेगळी नव्हती आणि म्हणूनच ती लक्षात घेण्याजोगी आहेत.

मुलूख व लष्करी परंपरा : माणगाव तालुका सह्याद्रीची मुख्य रांग व अरबी समुद्राचा किनारा यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात येतो. काळ नदीच्या काठच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारांवरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही येथील पारंपरिक पिके. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. जमिनीचे तुकडे लहान आणि वाटण्यांमुळे पिढीगणिक आणखी लहान होत गेलेले. भातकापणी आटोपली, की घरातील एकदोन कर्ते पुरुष बाहेर पडत. मुंबईच्या गिरण्या, गोदी, घरगडीपणा किंवा पलटण असे मोजके मार्ग त्यांच्यापुढे असत. त्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल व सावकाराचे व्याज दोन्ही चालत. आज ताम्हिणी घाटातील रस्त्याने माणगाव पुणे व पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीला जोडले गेले आहे. घाडगे यांच्या तरुणपणी घाटमाथ्यावर अशी कारखानदारी नव्हती.

पलटणीचा मार्ग कोकणाला नवा नव्हता. शिवछत्रपतींची राजधानी रायगड शेजारच्या महाड तालुक्यात आहे आणि गडावरील शिबंदी व मावळे यांच्या आठवणी या परिसरातील घराण्यांत टिकून होत्या. तथापि कोकणातील लष्करी नोकरीला अखंड व पगारी रूप आले, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करामुळे. १७६८ मध्ये उभारलेली व पुढे ‘जंगी पलटण’ या नावाने प्रसिद्धी पावलेली पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी शाखा होय. मुंबई लष्करात कुलाबा व रत्नागिरी भागांतील मराठे, महार व इतर जातींचे शिपाई शेजारी शेजारी लढले. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे लष्कराची छावणी होती आणि निवृत्त शिपायांची वस्तीही तेथे झाली. पेन्शन घेऊन परतलेला सुभेदार हा कोकणातील खेड्यात बराच काळ वजनदार माणूस मानला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेला धक्का बसला. लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती (१८८५–९३) असताना ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताला बळ मिळाले. त्यानुसार पंजाब, सरहद्द व नेपाळ येथील लोक जात्याच लढवय्ये आणि दक्षिणेकडील लोक दुय्यम ठरविले गेले. महारांची भरती १८९० नंतरच्या दशकात बंदच झाली. बेळगाव येथे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभारली जाईपर्यंत, पहिल्या महायुद्धातील अल्पकाळ सोडल्यास, ती बंदच राहिली. मराठ्यांची भरती चालू राहिली, तरी त्यांच्याविषयी वरिष्ठ वर्तुळांत साशंकता होती. हा सिद्धांत शास्त्रीय तर नव्हताच, पण व्यवहारातही तो टिकला नाही. मेसोपोटेमियात (इराक) पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी जे सोसले व केले, त्यामुळे तो मोडीत निघाला.

घाडगे ज्या पलटणीत पुढे दाखल झाले, तिचा या घटनांशी प्रत्यक्ष संबंध होता. तेव्हा ती ११० वी मराठा लाइट इन्फंट्री या नावाने ओळखली जाई. सहाव्या (पूना) डिव्हिजनबरोबर ती बगदादच्या रोखाने गेली आणि माघार घेताना कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपत आल्यावर घोडे व खेचरे मारून खाण्याची वेळ आली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालविण्यात आले आणि त्यांतील बरेच परत आले नाहीत. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी ५ वी मराठा लाइट इन्फंट्री या एका रेजिमेंटमध्ये एकत्र झाल्या. त्यांपैकी ११० वी ही तिसरी पलटण झाली आणि रेजिमेंटचे प्रशिक्षणकेंद्र बेळगाव येथे आले.

महायुद्धानंतर पुणे, सातारा, रत्नागिरी इ. जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असे. गेलेल्यांची नावे नसत. पुण्यात मराठा युद्धस्मारकाची कोनशिला इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १९२१ रोजी बसविण्यात आली, तेव्हा यशवंत घाडगे तीन दिवसांचे होते. दोनच दिवस आधी युवराज मुंबईत उतरले असता राष्ट्रीय सभेने बहिष्कार पुकारला होता आणि शहरात दंगली उसळल्या होत्या. ज्या दोन प्रवाहांमधून पुढे या पिढीतील तरुणांना वाट काढावी लागली, ते अशा रीतीने एकाच आठवड्यात समोर आलेले दिसतात.

भरती व शिक्षण : दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा भारतीय सैन्याची संख्या सु. दोन लाख होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. भारतात सक्तीची भरती नव्हती. म्हणून हे इतिहासातील सर्वांत मोठे स्वयंसेवी सैन्य होते, असे ब्रिटिश लेखक अभिमानाने नमूद करतात. हे विधान खरे असले, तरी पुरेसे नाही. शिपायाचा पगार युद्धाच्या प्रारंभीच्या काळात महिना सोळा ते अठरा रुपयांच्या आसपास होता. जोडीला अन्न, कपडे व घरी काही रक्कम परस्पर पाठविण्याची सोय होती. दोन-चार खाचरांवर कुटुंब पोसणाऱ्या घराला ही रक्कम नियमित मिळणे ही मोठी गोष्ट होती. युद्धकाळात महागाई व टंचाई वाढत गेली, तसतसे तिचे महत्त्वही वाढले. तेव्हा कोकणातील तरुण पोटासाठी पलटणीत गेले की परंपरेमुळे, हा वाद निरर्थक आहे. ज्या घरात आजा किंवा चुलता पलटणीत होता, त्या घरात पोटाचा प्रश्न सोडविण्याची रीत हीच परंपरा होती.

बेळगावच्या केंद्रात नव्या शिपायाचे आयुष्य पहिल्या दिवसापासून बदले. अनवाणी चालणाऱ्या पायांत जड बूट येत आणि पायांना फोड येणे हा शिक्षणाचा पहिला धडा ठरे. लाइट इन्फंट्रीची चाल इतर पायदळाहून जलद, मिनिटाला १४० पावलांची. कवायतीबरोबर रायफल उघडणे, साफ करणे व जोडणे, नेमबाजी, संगिनीचे हात, खंदक खणणे आणि रात्रीची हालचाल यांचे शिक्षण असे. हुकूम हिंदुस्थानीत दिले जात आणि ती भाषा रोमन लिपीत वाचायला-लिहायला शिकविली जाई. अनेकांची अक्षरओळख तेथेच पक्की झाली. डोंगर चढण्याची सवय मात्र या मुलांनी गावाहूनच आणलेली असे.

घाडगे यांनी नाईक हा हुद्दा मिळविला. बाहीवर दोन फिती असलेला हा कनिष्ठ अंमलदार पायदळात एका सेक्शनचा प्रमुख असतो. सेक्शनमध्ये सु. दहा माणसे असत. एका ब्रेनगनभोवती दोन-तीन जण आणि बाकीचे .३०३ रायफलधारी, अशी तिची त्या काळातील सर्वसाधारण रचना होती. तीन सेक्शन मिळून प्लॅटून, तीन प्लॅटून मिळून रायफल कंपनी आणि चार रायफल कंपन्या व इतर तुकड्या मिळून सु. आठशे लोकांची पलटण होई. नकाशावर सेनापती बाण काढतात ते डिव्हिजनचे, पण प्रत्यक्ष मोर्चा जिंकतो किंवा गमावतो तो सेक्शन. नाईक आपल्या माणसांच्या पुढे असतो, त्यांच्याच पंगतीत जेवतो, त्यांची पत्रे व भांडणे त्याला ठाऊक असतात आणि मरणाच्या तोंडात त्यांना न्यायचे कामही त्याचेच. पायदळातील सर्वांत अवघड हुद्दा हाच, असे म्हणण्यास हरकत नाही.

युद्धातील भारतीय सेक्शन प्रमुखाजवळ बहुधा टॉमीगन असे. हे .४५ व्यासाचे अमेरिकन शस्त्र जवळून मारा करण्यासाठी उत्कृष्ट, पण सु. पाच किग्रॅ. वजनाचे होते. त्याच्या मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या मावत आणि सलग घोडा दाबल्यास त्या काही क्षणांत संपत. ही यांत्रिक बाब घाडगे यांच्या मृत्यूच्या हकीकतीत महत्त्वाची ठरली.

इटलीची मोहीम : तिसऱ्या पलटणीने दुसऱ्या महायुद्धात प्रथम नाव मिळविले ते पूर्व आफ्रिकेत. एरिट्रियातील केरेनच्या खडकाळ डोंगरांवर मार्च १९४१ मध्ये इटालियन सैन्याविरुद्ध झालेल्या लढाईत ती आघाडीवर होती. त्या वेळी तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे मेजर जनरल होऊन दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले व इटलीत हीच पलटण त्यांच्या हाताखाली आली. शिवछत्रपतींच्या जयजयकाराची मराठा रेजिमेंटची रणगर्जना केरेनच्या लढाईपासून रूढ झाली, अशी रेजिमेंटची परंपरा आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्ये इटलीच्या मुख्य भूमीवर उतरली. इटलीने शरणागती पत्करली, तथापि जर्मन सेनापती केसलरिंग याने द्वीपकल्पाच्या आडव्या डोंगररांगांचा आधार घेऊन प्रत्येक नदी व प्रत्येक धार लढविली. कासीनोची कोंडी मे १९४४ मध्ये फुटली आणि ४ जून रोजी रोम पडले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे गॉथिक फळीच्या दिशेने हटू लागले. ती माघार पळापळीची नव्हती. गॉथिक फळी मजबूत करण्यास वेळ हवा म्हणून मधल्या प्रत्येक उंचवट्यावर थोडे सैन्य ठेवायचे, हल्लेखोरांना थोपवायचे, त्यांचे नुकसान करायचे आणि वेढले जाण्यापूर्वी रातोरात पुढच्या धारेवर जायचे, अशी तिची पद्धत होती. या पद्धतीत मशीनगनला फार महत्त्व होते. जर्मनांची एमजी ४२ मिनिटाला सु. १,२०० गोळ्या झाडत असे. चांगल्या जागी बसविलेली अशी एक मशीनगन व जोडीला काही निशाणबाज एक संपूर्ण कंपनी अर्धा दिवस अडवू शकत.

इटलीत चौथी, आठवी व दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजनांनी भाग घेतला. भारतीय सैनिकांची संख्या पन्नास हजारांवर होती. त्यांपैकी दहाव्या डिव्हिजनकडे जून १९४४ च्या अखेरीस पेरूजाच्या उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील आघाडी आली. रोमच्या इतिहासातील ही विख्यात नदी येथे लहान आहे. दोन्ही बाजूंस चढत गेलेले डोंगर, उतारांवर द्राक्षांचे व ऑलिव्हचे मळे, दगडी बांधणीची शेतघरे आणि टेकड्यांच्या माथ्यावर तटबंदीची जुनी गावे, असा हा प्रदेश आहे. रस्ते थोडे आणि त्यांवर सुरुंग पेरलेले. पूल उडवून दिलेले. रणगाड्यांचा उपयोग मर्यादित होता. दारूगोळा व पाणी बऱ्याच ठिकाणी खेचरांवरून पोहोचवावे लागे. अशा भूमीवर युद्धाचे ओझे पायदळावर पडते. जुलैच्या प्रारंभी उंबेर्तिदे हे गाव दोस्तांच्या हाती आले. त्याच्या उत्तरेस मोंतोने व पुढे चित्ता दी कास्तेल्लो येथपर्यंतचा सरळ मार्गाने थोडक्या किलोमीटरांचा टप्पा घेण्यास जवळजवळ जुलैचे पहिले तीन आठवडे लागले.

१० जुलै १९४४ : या दिवशी तिसऱ्या पलटणीच्या एका कंपनीने जर्मनांच्या भक्कम मोर्चावर हल्ला केला. घाडगे यांचा सेक्शन पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला आणि काही क्षणांत सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. एकटे घाडगे उभे राहिले. सोबत यायला कोणी उरलेले नाही, हे त्यांना दिसत होते. अशा वेळी आडोसा धरणे व मागून कुमक येईपर्यंत थांबणे हे युद्धशास्त्राच्या दृष्टीने गैर ठरले नसते. त्यांनी तसे केले नाही. टॉमीगन झाडीत ते मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबाँब फेकला, त्याने मशीनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. नंतर तिच्यावरील आणखी एकास त्यांनी टॉमीगनने टिपले. इतक्यात मॅगझिन रिकामे झाले आणि दुसरे चढविण्यास सवड नव्हती. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. मोर्चा हाती आला. पण आजूबाजूस दडलेल्या जर्मन निशाणबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांचा अंत झाला.

हा तपशील पदकाच्या अधिकृत मानपत्रातील आहे. मानपत्राची भाषा संयमित असून त्यात एक वाक्य विशेष लक्षणीय आहे : वाचण्याची आशा फार थोडी आहे, हे ओळखूनच या अंमलदाराने हे कृत्य केले, अशा आशयाचे ते आहे. लष्करी पदकांच्या कागदपत्रांत ‘निर्भय’, ‘बेफिकीर’ यांसारखी विशेषणे सर्रास येतात. येथे मात्र गौरव झाला तो परिणामांची पूर्ण जाणीव असलेल्या निर्णयाचा. या मानपत्राची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. त्यात नाव आहे एकट्या नाईकाचे. मशीनगनच्या पहिल्या फैरीत पडलेल्या त्याच्या जवानांचा उल्लेख अर्ध्या वाक्यात संपतो, कारण पदक व्यक्तीला मिळते, सेक्शनला नाही. ते जवानही बहुधा अशाच वाड्या-वस्त्यांवरून आलेले होते आणि त्याच उतारावर, त्याच हुकमाने पुढे जात होते. काही क्षणांच्या अंतराने एकाचा इतिहास झाला व इतरांची संख्या झाली.

ज्या टेकडीसाठी हे घडले, तिला युद्धाच्या मोठ्या आराखड्यात किती महत्त्व होते, असाही प्रश्न विचारता येईल. चित्ता दी कास्तेल्लो २२ जुलै रोजी पडले आणि जर्मन आणखी मागे सरकले. गॉथिक फळीवरील लढाया शरद ऋतूत झाल्या आणि इटलीतील युद्ध थांबण्यास १९४५ चा मे महिना उजाडला. रोम पडल्यानंतर दोनच दिवसांनी दोस्त सैन्ये नॉर्मंडीत उतरली होती आणि जगाचे लक्ष फ्रान्सकडे वळले होते. इटलीची आघाडी दुय्यम ठरली. तेथील लढाई मात्र सौम्य झाली नाही.

गौरव : नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमधून घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १८५६ मध्ये सुरू झालेले हे पदक प्रारंभी भारतीय शिपायांना मिळत नसे. १९११ मध्ये ते त्यांना खुले झाले आणि १९१४ मध्ये बेल्जियममधील लढाईबद्दल खुदादाद खान हे त्याचे पहिले भारतीय मानकरी ठरले. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले व या सहांपैकी घाडगे, शेरबहादूर थापा व थमन गुरुंग यांचे मरणोत्तर होते.

सहांपैकी दुसरे मराठा मानकरी नामदेव जाधव. ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज गावचे. त्यांची जन्मतारीख १८ नोव्हेंबर १९२१, म्हणजे घाडगे यांच्यापेक्षा ते अवघ्या दोन दिवसांनी लहान. पहिल्या पलटणीतील हे शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवरील हल्ल्यात होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून व पाण्यातून सुरक्षित आणले आणि शत्रूच्या तीन मशीनगन निकामी केल्या. हाताला जखम झाल्यामुळे टॉमीगन चालविता येईना, तेव्हा त्यांनी ती टाकून हातबाँब वापरले. जाधव जगले, सैन्यात राहिले आणि १९८४ मध्ये पुण्यात निवर्तले. स्वतंत्र भारतात त्यांना आपली हकीकत सांगता आली, सभा-समारंभांत मान मिळाला. सारख्या वयाच्या, सारख्या शेतकरी मुलखातून आलेल्या व एकाच रेजिमेंटमधील या दोघांच्या धाडसात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

घाडगे यांची समाधी कोठेही नाही. कासीनो येथील युद्धस्मशानभूमीत एक स्मारक असून इटलीच्या मोहिमेतील ज्यांची अंत्यस्थाने अज्ञात आहेत, अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत त्यांचे नाव आहे. या मोहिमेत भारतीय सैन्याचे २३,७२२ लोक जखमी वा मृत झाले व त्यांपैकी मृत ५,७८२ होते. इटलीतील सु. चाळीस युद्धस्मशानभूमींत त्यांची दफनस्थाने, दहनस्मारके किंवा नावे आढळतात. उलट बाजूने पाहिल्यास, पिंपरी-चिंचवडलगत खडकी येथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांतील अनेकांचे आप्त येथे कधीच येऊ शकले नाहीत, जसे पळसगावचे कोणी त्या काळी कासीनोला जाऊ शकले नाही.

स्मृती : स्वातंत्र्योत्तर काळात घाडगे यांच्यासारख्यांची आठवण काहीशी अडचणीची ठरली. १९४२ च्या आंदोलनात साताऱ्यात नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले होते, तेही पलटणीत माणसे पाठविणाऱ्या खेड्यांमध्येच. घाडगे यांच्याच कुलाबा जिल्ह्यातील माथेरानचे भाई कोटवाल भूमिगत आझाद दस्त्याचे नेतृत्व करीत असता २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीला बळी पडले. एकाच जिल्ह्याचे हे दोन सुपुत्र दीड वर्षाच्या अंतराने मरण पावले; एक ब्रिटिश सत्तेशी लढताना, दुसरा तिच्या सैन्यातून नाझी जर्मनीशी लढताना. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कोटवाल यांना योग्य ते स्थान मिळाले. घाडगे यांना त्यात स्थान असण्याचे कारण नव्हते आणि ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास आता आपला राहिला नव्हता. त्यामुळे रेजिमेंट व तालुका यांच्या बाहेर त्यांचे नाव दीर्घकाळ फारसे गेले नाही. त्यांना साम्राज्याचा भाडोत्री म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्या मृत्यूला मागाहून राष्ट्रीय हेतू चिकटविणेही चुकीचे आहे. ते सैन्यात होते, समोर जर्मन मशीनगन होती आणि त्यांचे जवान पडले होते. या तीन गोष्टींच्या पलीकडील प्रश्न त्या उतारावर त्या क्षणी कोणाही नाईकापुढे नसतात.

त्यांची पलटण पुढे हवाई छत्रीधारी झाली. १९४७–४८ च्या काश्मीर युद्धात ती झांगरच्या लढाईत होती. बांगलादेशाच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे विमानांतून उतरलेली दुसरी पॅरा (मराठा) बटालियन ती हीच. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव (बेळगावी) येथेच असून घाडगे व जाधव ही दोन नावे तिच्या परंपरेत एकत्र घेतली जातात.

अलीकडे इटलीत स्थानिक इतिहाससंशोधकांनी भारतीय सैनिकांच्या कामगिरीचा मागोवा घेण्यास प्रारंभ केला. त्यातून २०२३ च्या जुलैमध्ये अंब्रिया प्रांतातील मोंतोने येथे घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात असून त्यावर आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. मोंतोनेची नगरपालिका, इटालियन इतिहासकार व भारतीय दूतावास यांच्या सहकार्याने ते साकारले. माणगाव येथे तहसील कार्यालयाच्या आवारात घाडगे यांचा पुतळा आहे.